"रडली का?"

"रडली का?" दार उघडताच गोरक्षनाथानं विचारलं.

"नाही," हेलन म्हणाली.

"मंग काय उपेग, सिस्टर? दर बारीला शेतातलं काम टाकून आनतो तिला."

हेलनच्या मागून त्याची आई, मनकर्णाबाई, पदर सावरत बाहेर आली आणि कुणाकडंही न बघता मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिली. तिचा नवरा कारभारी जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं भावकीनं ठरवून टाकलं, म्हणून मुलानं तिला दर बाजारच्या दिवशी तिसगावच्या सरकारी दवाखान्यात आणायला सुरुवात केली होती.

हेलन भिंगारदिवे मूळची नर्स. सलाईन लावणं, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं यात तिचं आयुष्य गेलं. कंबरेनं दगा दिल्यावर तिला नगरला समुपदेशनाच्या शिक्षणाला पाठवलं आणि परत आल्यावर लसीकरणाच्या खोलीशेजारी एक टेबल मांडून दिलं. शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, "सल्ला देऊ नका, चूक-बरोबर ठरवू नका, घाई करू नका. माणसाची वाट त्याची त्यालाच सापडते. तुम्ही फक्त सोबत थांबा." हेलनला ते मनापासून पटलं होतं. पण थांबणं हेच तिला जमत नव्हतं. समोरचा गप्प झाला की तिचे हात शिवशिवायचे. ती उठून खिडकी लावायची, पुन्हा उघडायची. पहिल्या भेटीत तर ती बोलूनच गेली होती, "रडून घ्या मावशी, मोकळं वाटेल." मनकर्णाबाई म्हणाली, "समदे त्येच म्हनत्यात," आणि मग उठेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.

आज मात्र ती बोलली होती. फरशीकडं बघत एकदम म्हणाली, "त्यो गेला त्या दिशी मी पोटभर जेवले, शिस्टर. शेजारनीनं पिठलं-भाकरी आनली हुती. कोपऱ्यात बसून जेवले. ताट लाथाडाय कुनी नव्हतं."

हेलनच्या ओठांवर कितीतरी शब्द येऊन थांबले. होतं असं. मनाला लावून घेऊ नका. तिनं ते सगळे गिळले.

"पोटभर जेवलात," एवढंच ती म्हणाली.

"व्हय." मनकर्णाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "लई वर्सांनी. गावाला देवमानूस हुता त्यो. उंबऱ्याच्या आत आला की मातूर..." पुढं ती हळूहळू सांगत गेली. कोरड्या डोळ्यांनी.

"काय बोलली मंग?" आता दारात गोरक्षनाथ विचारत होता.

"ते मला सांगता येणार नाही, भाऊ."

"म्या पोरगा हाय तिचा!"

"तरीही नाही."

"वर्सश्राद्ध आलंय. आत्या येनार, पावनंरावळं येनार. समदे तिच्या डोळ्याकडं बघनार. लोकं काय बी बोलाय लागल्यात, सिस्टर."

सगळा उलगडा होईल असं एक वाक्य हेलनच्या जिभेवर होतं. तिनं दात आवळले. "त्यांना आणत राहा," ती म्हणाली. त्यानं गाडीला किक मारली आणि आईला मागं बसवून तो निघून गेला.

त्यानंतर ती दोघं आलीच नाहीत. बाजारचा दिवस आला की हेलन मोटारसायकलच्या प्रत्येक आवाजाला खिडकीशी जायची. घरी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. "अगं, बस ना जरा," नवरा, जॉन, म्हणाला तेव्हा ती त्याच्यावर खेकसली, "बसूनच तर असते दिवसभर!" एकदा त्यांच्या गावाला जायचं म्हणून ती जीपच्या थांब्यापर्यंत गेली. जीप भरली, ड्रायव्हरनं हाक मारली, तशी ती मागं वळली. कुणाला ओढून बोलतं करायचं नसतं. शिकलेलं आठवत होतं, पण जिवाला स्वस्थता नव्हती.

आणि एका बाजारी मनकर्णाबाई दारात उभी. हातात पिशवी.

"एकलीच आले. जीपनं," ती बसत म्हणाली. "वर्सश्राद्ध झालं. नंदेनं गळ्यात पडून इचारलं, वैनी, एक टिपूस बी न्हाई का गं? म्या म्हनलं, न्हाई येत रडू. खोटं कशापायी रडू?"

"मग?" हेलनच्या तोंडून निसटलंच.

"मंग काय. पंगती उठल्या, भांडी घासली." ती किंचित हसली. "पर त्या घरात पैल्यांदा खरं बोलले बगा."

तिनं पिशवी उचलली. मग मिरच्या घ्यायच्यात, उशीर झाला की भाव चढतो म्हणत निघून गेली.

ती गेली न गेली तोच दारात गोरक्षनाथ आला. तो बाजारात होता. आईला दवाखान्यातून निघताना त्यानं पाहिलं असावं. आता हा पुन्हा खोदून विचारणार, म्हणून हेलन ताठ बसली. पण त्यानं काही विचारलं नाही. दार आतून लोटलं आणि खुर्चीत बसला.

"माझा बाप कसा हुता, ठावं हाय का तुमाला?"

हेलनला ठाऊक होतं. लाथाडलेलं ताट डोळ्यांपुढं आलं.

"मढीच्या जत्रंला मला खांद्यावर बसवून न्यायचे. चालत. वर हात करून रेवडी द्यायचे. मला वरनं नुसता त्यांचा फेटा दिसायचा." तो थांबला. "मला येतं वो रडू. रोज येतं. गोठ्यात जाऊन रडतो. आई रडली आसती तर तिच्याजवळ बसून रडलो आसतो. आता कुनाजवळ बसू?"

आईचा कारभारी आणि या पोराचा कारभारी, दोघेही खरे होते, आणि आईचं बोलणं पोराला किंवा पोराचं आईला तिनं सांगायचं नव्हतं. आज, या घडीला, तिनं फेटेवाल्याबद्दलच ऐकायचं होतं. आणि मनापासून.

"सांगा," ती म्हणाली.

दाराबाहेर पोरांना लस टोचून घ्यायला आलेल्या बायांची रांग होती. गोरक्षनाथानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरली, आणि आवाज बाहेर जाऊ न देता तो रडू लागला.