कैलासात करायचं काय?

या, असे जवळ सरकून बसा. हातातले टाळ घटकाभर खाली ठेवा. एका म्हातारीची गोष्ट सांगतो. तिला देवाच्या घरी जायची भीती वाटायची. मरणाची नव्हे बरं का, तिथं कंटाळा येईल याची.

लातूर नवानवा जिल्हा झाला होता आणि उदगीरकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तारामतीबाईंची सत्तर वर्षं कामात गेलेली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, तांब्याभर पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहिला की परत डबीत. सगळं घाईघाईत, कारण गोठ्यात देवणी गाय हंबरत असायची.

त्या साली छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी खाट धरायला सांगितली. पडल्यापडल्या बाईंच्या मनात आलं, आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, तळहातावर लिंग ठेवून. म्हणजे तसंच बसायचं? कायमचं?

शिवलिंग महाराज कीर्तनाला गावात आले होते. ते भेटायला आले तेव्हा बाईंनी विचारलंच.

"महाराज, कैलासात सारवायला अंगण हाय का?"

"न्हाई बा."

"गोठा?"

"नंदी हाय की एक."

"एका नंदीचं शेण निघून निघून किती निघतंय? लाख वरसं मी करू काय तिथं?"

कीर्तनात उत्तराला महाराज कधी अडत नसत. इथं मात्र हसून म्हणाले, "खरं सांगू का, आई? मी बी अजून गेलो न्हाई."

टँकर तीन दिवसांनी यायचा. पूजेला सून सिंधू वाटीभर पाणी आणून द्यायची. एकदम ओतलं तर संपलं, म्हणून एका सकाळी बाईंनी बोटानं एकेक थेंब सोडला. पहिल्या थेंबात खिडकीतलं ऊन चमकलं. दुसरा वेगळ्याच वाटेनं घरंगळला. तिसरा बोटाच्या टोकावर थांबला, आणि बाईही त्याच्याबरोबर थांबल्या.

"आत्याबाई, भाकर निवली की."

"आत्ताच तर बसले गं."

"आत्ता कुठलं? ऊन उंबऱ्यावरून गेलं."

बाईंनी वाटीत पाहिलं. अर्ध्याहून जास्त पाणी तसंच होतं. त्या हळूच हसल्या. "सिंधे, सत्तर वरसं मी त्याला नुसती आंघोळ घालून पळाले. बघायचं राहूनच गेलं. आता लाख वरसं तरी पुरतील का?"

मग त्यांची नजर सुनेच्या फुटलेल्या ओठांवर गेली. "ही वाटी कुणाच्या वाट्याची?"

सिंधूनं पदरानं ओठ झाकले.

बाईंनी वाटी तिच्या तोंडाला लावली. "पी. देवाला तीन थेंब लई झाले."

श्रावणात बाई लिंगैक्य झाल्या. मातीत बसवलं तेव्हा चेहरा आवडत्या कामाला निघालेल्या बाईसारखा होता.

त्यांना त्यांचा देव सांभाळतोय. तुम्ही एवढं करा, पोटभर पाणी प्यालात की सिंधूची आठवण काढा.