सरकलेली शीर

आमची आणि शेजारच्या टोळीची हद्द पृथ्वी घडली तेव्हाच आखली गेली. फक्त ती मध्येच तुटते, आणि तीही नेमकी विहिरीजवळ.

काळ्या खडकातून गेलेली पांढऱ्या गारगोटीची शीर ही आमची हद्द. उत्तरेचं आमचं, दक्षिणेचं त्या टोळीचा म्होरक्या अद्रोब, त्याच्या लोकांचं. कोरड्या ओढ्याशी शीर थांबते. पलीकडे विहीर, तिच्या उत्तरेला आमची घरं. शीर सरळ पुढे जाते असं धरलं, तर विहीर आमची. पण अद्रोबने विहीर आणि घरांच्या मधोमध एक पांढरा पट्टा शोधला. "हीच ती शीर!" म्हणजे उंटांना पाणी पाजायला आम्ही याच्या दाढीला हात लावायचा.

शेवटी पोर्ट सुदानहून ओनूरला बोलावलं. दगडांचं शिकलेला, दोन्ही टोळ्यांचा भाचा. आल्याच्या कॉफीचे पेले हातात घेऊन दोन्ही टोळ्यांच्या म्होरक्या म्हाताऱ्यांनी शब्द दिला: शीर निघेल तिथे हद्द. कॉफीवरचा शब्द फिरवणाऱ्याला आमच्यात पुन्हा कुणी कॉफी विचारत नाही.

ओनूरने ओढ्यातली एक चपटा, पापुद्र्यांचा दगड उचलला. "हा खडक पिळून निघालाय, मामा. ओढ्यापलीकडची जमीन उत्तरेला सरकली आहे."

आमचे ओशेक शेख ताडकन उठले. "सरकली? कधी?"

"साठेक कोटी वर्षं झाली."

"आणि आम्हाला कुणी बोललं नाही!"

मग ओनूरने अद्रोबच्या पट्ट्यावर बाटलीतून आम्लाचा थेंब टाकला. दगड फसफसला. अद्रोब दोन हात मागे उडाला.

"संगमरवर," ओनूर म्हणाला. "गारगोटी फसफसत नाही. ही ती शीर नव्हे."

आम्ही ओरडलोच. शेख म्हणाले, "काय रे अद्रोब, आता उंट समुद्रावर नेणार का?"

"शीर सापडू दे की. शब्द शिरेचा आहे."

ओनूर शोधत उत्तरेला निघाला. मागून आम्ही, हसत. घरं आली तसं हसू कमी झालं. घरं मागे पडली तेव्हा आम्ही वळून वळून विहिरीकडे पाहू लागलो. शेवटच्या घरामागे, शेळ्या बांधतो तिथे, तो उकिडवा बसला. काळ्या खडकात पांढरी रेघ. थेंब पडला. काही झालं नाही.

शेखांनी त्याच्या हातून बाटली हिसकावली आणि सगळी ओतली. दगड ढिम्म.

अद्रोबने हळूच शेखांचा दंड धरला. "बसा शेख, बसा. आपलंच समजा."

विहीर, मशीद आणि आमची सगळी घरं शिरेच्या दक्षिणेला होती.