काळ्या मनुकांचा सोडा

जॉशुआ किहीमकरांनी ओले हात पायजम्याला पुसले, कडी काढली आणि दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरची तिकवा कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ते जिथं पाहत होते त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"कोणी आलं होतं?" तिनं हिब्रूत विचारलं.

"कुलूप बघत होतो," किहीमकर म्हणाले, आणि ती खाली जाईपर्यंत कुलूप बघत राहिले.

स्वयंपाकघरात ओट्याखाली तीन बाटल्या होत्या. मधलीचं बूच उडून समोरच्या पिठाच्या डब्यावर आपटलं होतं. आवाज मात्र हुबेहूब दारावर कुणी बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखा. एक उडालं की पुष्कळदा शेजारचंही उडे, म्हणजे दोनदा टकटक. त्या आठवड्यातली ही चौथी खेप होती.

हे सगळं दवाखान्यातून सुरू झालं. नर्स ओस्नातनं आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या रक्ताचा कागद टेबलावर आपटून सांगितलं होतं की यापुढे साखर बंद, आणि सगळ्यात आधी तो लाल गोड सोडा बंद. किहीमकर पूर्वी मुंबईला रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. वरून आलेलं सर्क्युलर जसंच्या तसं पुढे कळवायची त्यांना सवय. ते दवाखान्यातून थेट बस स्टँडजवळच्या हिलेलच्या टपरीवर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले,

"हिलेल, हे तू विष विकतोस. सरकारी नर्सचं म्हणणं आहे."

हिलेल नवगावकरानं ग्लास विसळता विसळता मान वर केली. किहीम आणि नवगाव ही गावं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. दोघांचे आजे एकाच घाण्यावर तेल गाळायचे. कोकण सोडून ज्यूंच्या देशात आल्यापासून, येरुहामच्या वाळूत सतरा वर्षं रोज संध्याकाळी दोघं त्या टपरीच्या बाकावर बसत आले होते.

"विष पिऊन सतरा वर्षं जगलास ना?" हिलेल म्हणाला. "मग आता घरी बस. आपलं पाणी पी."

किहीमकर घरी बसले. पाणी प्याले. चार महिन्यांनी ओस्नातनं नवा कागद बघून त्यांच्या पाठीवर थाप मारली. तब्येत फर्स्ट क्लास होती. हे सांगायला कोणी नव्हतं, एवढंच. बायको, जूडिथ, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी नओमी अश्दोदला. ती मराठी प्रश्नाला हिब्रूत उत्तर द्यायची, तेही अर्धंच. सिनेगॉगमध्ये हिलेल त्याच रांगेत बसायचा, पण मध्ये दोन खुर्च्या सोडून. त्या दोन खुर्च्यांवर कोणी बसत नसे. गावाला सगळं ठाऊक होतं.

सोडा त्यांना चुकून सापडला. शब्बाथच्या किद्दुशसाठी, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, जूडिथ दर आठवड्याला काळ्या मनुका भिजवून, हातानं कुस्करून, फडक्यातून गाळून शरबत करायची. कोकणात वाइन कुठली मिळायला! तिच्यामागे किहीमकरांनी ते चालू ठेवलं. फक्त माप आठ माणसांचंच राहिलं, कारण एका माणसाचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. उरलेली बाटली एकदा खिडकीत विसरली. नेगेवच्या वाळवंटी उन्हानं तीन दिवसांत तिचं काय केलं कोण जाणे, पण चौथ्या दिवशी घोट घेतला तेव्हा जिभेला टोचलं, नाकात झिणझिण्या आल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. गोडी जवळजवळ गेलेली, फेस मात्र हिलेलच्या सोड्याच्या तोंडात मारील असा.

ते कामाला लागले. लिंबाची साल घातली, डाळिंब घातलं, एकदा निवडुंगाचं बोंड घातलं आणि दोन दिवस बोटातले काटे काढत बसले. बाटल्या इथल्या काचकारखान्यातल्या, निवृत्तीआधी ते तिथं तपासणीला होते तेव्हाच्या. मान वाकडी म्हणून बाजूला काढलेल्या. त्यांना झाकण बसेना, म्हणून सिनेगॉगमधली वाइनची बुचं तासून बसवली. ओस्नातनं चमचाभर चाखून, रोज अर्धा ग्लास, अशी परवानगी दिली. मग एका शनिवारी प्रार्थना संपल्यावर किहीमकर दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिमोनला मोठ्यानं म्हणाले, मराठीत,

"आमच्याकडे आता साखरेशिवायचा सोडा असतो. कुणाला चाखायचा असेल त्यानं शुक्रवारी यावं."

शिमोन रुमानियाचा. त्यानं नम्रपणे मान हलवली. दोन खुर्च्यांपलीकडे हिलेल प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान उलटत राहिला. प्रार्थना तर संपली होती.

तेव्हापासून बुचं वाजत होती आणि किहीमकर दार उघडत होते. तिकवा भेटली त्यानंतर त्यांनी उठणं सोडलं. आरामखुर्चीत पडल्या पडल्याच ते बाटल्यांना दटावू लागले. गावात त्यांचं मराठी ऐकून घेणारं आता एवढंच उरलं होतं, आणि निदान ते हिब्रूत उत्तर देत नव्हतं.

ऑगस्टातल्या त्या शुक्रवारी दुपारी त्यांनी डोळ्यांवर रुमाल टाकला होता. गरम वारा खिडकीची पट्टी हलवत होता. टक, टक.

"आज फार घाई झाली का?" किहीमकर रुमालाखालून म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा, जरा जोरात. टक, टक.

"गप्प बस तिथंच!" ते ओरडले. "सूर्य बुडेपर्यंत उघडणार नाही!"

बाटली गप्प बसली. किद्दुशआधी ते कधीच उघडत नसत, हे तिला आता कळायला लागलं होतं, असं मनाशी म्हणून ते हसले आणि घटकाभर झोपले.

उठून फडकं घेऊन ते सांडलेलं पुसायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली सगळं कोरडं होतं. तीन बाटल्या उभ्या होत्या. तिन्हींची बुचं जागच्या जागी होती.

किहीमकरांनी एकेक बूच बोटानं दाबून पाहिलं. मग फडकं हातात तसंच धरून त्यांनी दार उघडलं.

उंबऱ्यापाशी सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. ठाण्याहून पोस्टानं येणारं मराठी मासिक येरुहाममध्ये एकाच माणसाकडे यायचं. हिलेल आधी वाचायचा, मग किहीमकरांना द्यायचा. शब्दकोड्याचा वरचा अर्धा भाग तो पेन्सिलीनं भरी आणि खालचा यांच्यासाठी ठेवी. किहीमकर पायरीवर उकिडवे बसले आणि त्यांनी सुतळी सोडली. आठ अंक होते. आठही अंकांत कोडं वरून अर्ध्यापर्यंत भरलेलं होतं. खालच्या चौकटी कोऱ्या होत्या.

त्यांनी सदरा चढवला. मधली बाटली फडक्यात गुंडाळली, दोन ग्लास घेतले. टपरी शुक्रवारी दुपारीच बंद होते, म्हणून घरांच्या दोन ओळी ओलांडून हिलेलच्या घरी गेले. आत रेडिओ चालू होता. त्यांनी दोनदा वाजवलं.

रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं, जरा जोरात.

"गप्प बस तिथंच," आतून हिलेलचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. "सूर्य बुडेपर्यंत उघडणार नाही."

बाटल्यांची हकीकत बंद दाराला सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या वर सूर्य अजून चांगला दोन हात होता.

ते पायरीवर बसले. ग्लास शेजारी ठेवले, दोन्ही सुलटे. बाटली मांडीत घेतली. उन्हातून चालून आल्यामुळे ती आतून कुरकुरत होती. वाजायला नको म्हणून त्यांनी बूच अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं.