लाल खोलीतली अंडी

दोन जावा एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाईंच्या हाताखाली, आणि पुढच्या वर्षासाठी जागा एकच. भांडायला घरचं स्वयंपाकघर पुरत होतं, म्हणून इथे दोघी गोड वागत. थोरली धाकटीच्या माशांच्या बाटल्यासुद्धा धुऊन देई. बघणाऱ्यांना केवढं कौतुक! बाईंना नव्हतं. बाईंनी जन्मभर माशा पाळल्या होत्या, पण त्या ओळखत माणसांना.

काम फळमाशीच्या अंड्यांचं. अंडं घातलं गेलं की आत केंद्रकं भराभर दुप्पट होत जातात, पण त्या जिवाची स्वतःची जनुकं गप्प असतात. सगळा संसार आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर. त्या शिदोरीतच एक प्रथिन असतं. ते जनुकांपाशी जाऊन बसतं आणि त्यांना बोलतं करतं. ते बसलं नाही तर अळी होत नाही, अंडं जागच्या जागी संपतं. बाईंचं नाव झालं होतं ते एका मतावर: प्रथिनानं एकदा जनुक चालू केलं की त्याचं काम झालं, मग ते उठून गेलं तरी चालतं.

धाकटीचं म्हणणं, नाही चालत. ते उठलं की जनुक पुन्हा गप्प. तिनं अशा माशा तयार केल्या होत्या, की त्यांच्या अंड्यांतलं हे प्रथिन निळ्या उजेडात निकामी व्हावं. साध्या दिव्यातही निळा असतोच, म्हणून सगळं काम काळ्या पडद्यामागच्या लाल खोलीत. चालू जनुकाचा ठिपका मायक्रोस्कोपखाली चमकतो. ठिपके चमकू लागल्यावर धाकटीनं निळा उजेड टाकला, आणि ठिपके विझले. आता एवढंच दाखवायचं राहिलं होतं, की उजेड न लागलेल्या अंड्यांतून अळ्या नीट बाहेर येतात. नाहीतर कुणीही म्हणणार, माशाच रोगट.

"ताई, मी पलीकडे मायक्रोस्कोपवर आहे. या बशीपाशी बसाल जरा? कुणी पडदा उघडला तर सगळं पाण्यात."

"जा गं तू. राखते तुझी बाळं."

थोरली बसली. लाल अंधारात करण्यासारखं काही नसतं. घरच्या ग्रुपवर नणंदेच्या नव्या सोफ्याचा रंग ठरत होता, म्हणून तिनं फोन काढला. मत दिलं. नणंदेनं ते उडवून लावलं. मग मात्र थोरली इरेला पेटली. स्क्रीनचा उजेड बशीवर सांडत राहिला, आणि सोफा राखाडी ठरेपर्यंत अंड्यांची बोलायला लागायची वेळ टळून गेली. तेव्हा कुठे तिनं खाली पाहिलं.

'माझं चुकलं, दुसरी बशी लाव,' एवढंच म्हणायचं होतं. धाकटीनं आठवडाभर तोंड फुगवलं असतं, मिटलं असतं. थोरलीनं मनातल्या मनात जमाखर्च मांडला आणि फोन पर्समध्ये टाकला.

बैठकीत धाकटीनं विझलेले ठिपके दाखवले, तेव्हा खोलीत चुळबुळ झाली. बाई शांत होत्या.

"आणि उजेड न लागलेली अंडी?"

"ती... तीही मेली, बाई."

"म्हणजे उजेड दिला तरी मरतात, नाही दिला तरी मरतात. मग दिवा कशाला जाळतेस?"

सगळे हसले. धाकटी थोरलीकडे वळली. "ताई, तुम्ही होतात ना तिथे? पडदा नीट होता ना?"

"पडदा नीटच होता," थोरली म्हणाली. ते खरंही होतं.

"बाई, मला पुन्हा करू द्या."

"कर की. हौस म्हणून. जागेचं मात्र मी आजच कळवणार आहे."

धाकटीनं टेबल रिकामं केलं. तिच्या माशा राहिल्या, कारण माशा प्रयोगशाळेच्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी थोरलीला बोलावलं. "तिचाच प्रयोग तू पुन्हा कर. फक्त फोन बाहेर ठेव. त्या दिवशी पडद्याच्या कडेनं तुझ्या फोनचा उजेड चांगलाच बाहेर येत होता."

थोरलीचे कान लाल झाले. "बाई, मग तुम्ही बैठकीत..."

"तू बोललीस का? मग मी कशाला?"

स्वतःचं जुनं मत स्वतः खोडलं की लोक त्याला मोठेपणा म्हणतात. कालच्या पोरीनं खोडलं असतं तर? बाईंचा हिशेब असा साधा होता.

थोरलीच्या हातून अळ्या वळवळत बाहेर आल्या. निबंध छापून आला, वर नावं दोनच, बाईंचं आणि थोरलीचं. घरी सासूबाईंनी तो चष्मा लावून उलटसुलट पाहिला, त्यातलं अक्षरही कळलं नाही, आणि धाकटीला म्हणाल्या, "शीक जरा मोठ्या जावेकडून."

धाकटीनं निबंध शेवटपर्यंत वाचला. मग थोरली भांडी पुसत होती तिथे येऊन हळूच विचारलं, "त्याच माशा ना, ताई? मग माझी का मेली?"

"असतं गं एकेकाच्या हाताला," थोरली ताट फडताळात लावत म्हणाली. "तुझ्या हाताला नाही गुण. वाईट नको वाटून घेऊ."

धाकटीनं आपल्या हातांकडे पाहिलं. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून तिला आपणहून बोलावणं आलं. नवऱ्यानं जा म्हटलं, सासूबाईंनीसुद्धा जा म्हटलं. तिनंच नको म्हणून कळवलं. मला माशा लाभत नाहीत, असं ती सांगते, आणि अगदी मनापासून सांगते.