न झालेली तोंडी परीक्षा

मागच्या साली मराठीच्या तोंडी परीक्षेला मी उभी राहिले, "माझं नाव शालू" एवढं म्हणले आणि खेळ खल्लास! पुढं शब्दच निघंना. अख्ख्या आठवीसमोर रडले.

यंदा नववीला बबिता म्यॅडम आल्या. दुपारच्या सुट्टीत त्या मला एकटीला वर्गात उभं करून बोलायला लावायच्या. "माझ्याकडं बघू नको, खिडकीच्या गजाकडं बघ. आणि पळू नको, कुणी मागं लागलं न्हाई." मी अशी सुधारले, अशी सुधारले की आई म्हणाली, "हिच्या तोंडाला आता झाकण लावा कुणीतरी."

आमच्या मेंढ्या हायत. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे आई डोळे झाकून, नुसत्या ओरडण्यावरून सांगती. तोंडी परीक्षेत मी त्याच्यावरच बोलणार होते, पाच मिनिटं. म्यॅडमनी शब्द दिला होता, "बोलायला पहिला नंबर तुझा. आणि मी पूर्ण ऐकणार."

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. सोमवारपासून त्यांचं बारा दिवस ट्रेनिंग होतं आणि त्याला लागूनच भावाच्या लग्नाची रजा. माझं अक्षर गोल हाय, म्हणून पेन्सिलीनं केलेली एक यादी पेनानं पक्की करून दे म्हणल्या आणि हेडसरांकडं गेल्या. मी ऐटीत खुर्चीवर बसले. म्यॅडमच्या खुर्चीवर!

यादीत वर लिहिलेलं होतं, मराठी, तोंडी परीक्षा, वीसपैकी गुण. खाली आमच्या वर्गाची पस्तीस नावं, आणि प्रत्येकापुढं गुण.

तोंडी तर अजून झालीच नव्हती.

प्रियांका सोळा. राजेश्री पंधरा. राजेश्री! ती दिवाळीपासून आईबापासंगं ऊसतोडीला गेलेली, अजून गावात आली न्हाई. तिनं काय फडातून आरोळी मारून परीक्षा दिली?

शालू, चौदा.

म्हणजे गावात नसलेली पोरगी माझ्यापेक्षा एक गुण जास्त बोलली. आधी मला हसूच आलं. मग हसू कुठं गेलं कळलं न्हाई.

म्यॅडम आल्या. "झालं का गं?"

"म्यॅडम, तोंडी कधी घेतली?"

त्यांनी दरवाजाकडं बघितलं. "हळू बोल. अगं, शनिवारपर्यंत गुण ऑनलाइन भरायचेत. पस्तीस पोरांचं कधी ऐकत बसू?"

"माझं तरी ऐका. तुमी म्हणला होता."

"चौदा कमी वाटले का? आण इकडं." त्यांनी खोडून अठरा केले. "आता खुश?"

"मला गुण नकोत म्यॅडम. मला बोलायचंय."

हे मी म्हणले! गजाकडं न बघता, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून. हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांनाच ते आवडलं न्हाई.

"लय हट्टी झालीस तू," म्हणल्या. "बरं, बोल. लवकर. माझी परभणीची बस हाय."

मी ताठ उभी राहिले. "माझी आई कासाबाई शाळेत गेली न्हाई, पण तिला आवाज वाचता येतो. संध्याकाळी मेंढ्या वाड्यावर आल्या की शंभर आवाज एकदम..."

म्यॅडम डबा पर्समध्ये कोंबायल्या होत्या. मग मोबाईल बघितला. मग चार्जर शोधायल्या.

"...एकदम उठतात, आणि त्यातनं आई..."

मी तिथंच थांबले. पंख्याचा तेवढा आवाज.

चार्जर सापडला. म्यॅडमनी पर्सची चेन ओढली, पेन घेतलं आणि माझ्या नावापुढं स्वतःच्या हातानं वीस लिहिले.

"वा गं शालू," त्या म्हणल्या, "शेवट तर लयच छान केलास."