शून्य वाचनांची डिस्क

हुबळीच्या विद्यानगरात, जिथं दर कॉलेजामागं चार झेरॉक्सची दुकानं लागतात, तिथं व्यापाऱ्यांच्या एका न्यासाची दुमजली इमारत होती. खाली सभागृह, वर ऑफिस आणि जिन्याखाली, पूर्वी जिथं चपला काढून ठेवत, तिथं सर्व्हर. चपला उन्हात गेल्या आणि यंत्राला एसी मिळाला. न्यासानं आजवर केलेली सर्वांत मोठी प्रगती ती हीच, असं हिशेब बघणारी शुभांगी म्हणायची. म्हणताना ती हसायची नाही, त्यामुळं ते कुणाला लागायचंही नाही.

या यंत्राचा सांभाळ यशपालकडं होता. कमरीपेठेत वाढलेला, धारवाडला इंजिनिअर झालेला, आकड्यांवर जीव असलेला मुलगा. यंत्रात कामाच्या दोन डिस्का होत्या. एकीवर इमारतीचे कॅमेरे आपली चित्रं ओतत: रिकामा जिना, रिकामं सभागृह, रिकामं फाटक, आणि दुपारी फाटकात येऊन झोपणारं एक कुत्रं. दुसरीवर ओव्या होत्या. काही वर्षांपूर्वी न्यासाला संस्कृतीची उबळ आली होती. त्या उबळीत हुबळी-धारवाडच्या मराठी बायकांच्या तोंडची जात्यावरची गाणी, पाळणे, सांजेची गाणी ध्वनिमुद्रित झाली. मोबाईलवर 'वाणीपेटी' नावाचं पान उघडायचं, गाण्याच्या नावावर बोट ठेवायचं, की गाणं वाजे. उबळ ओसरली. गाणी राहिली. त्यांतली निम्म्याहून जास्त रंगूबाईची, म्हणजे यशपालच्या आईची होती.

न्यासाचे चिटणीस रामचंद्रशेठ. मूळ मिरजेकडचे, तीन पिढ्या हुबळीत कापडाचं दुकान. त्यांना गज कळायचा, तागा कळायचा, गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकताच ते घेणार की नुसतं हात लावून जाणार हे कळायचं. यंत्रातलं मात्र त्यांना काही कळत नसे, म्हणून यंत्राबद्दलचे सगळे निर्णय ते स्वतः घेत. कॅमेऱ्यांना जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी यशपालला विचारलं, की दोन्हीपैकी बसून खाणारी डिस्क कुठली?

यशपालनं आनंदानं अहवाल केला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. हा कारभारी प्रत्येक डिस्कच्या नावानं एक ओळ ठेवतो: किती वेळा वाचलं, किती वेळा लिहिलं, त्यात किती वेळ गेला, आणि हातात काही ना काही काम असण्यात एकूण किती वेळ लोटला. यंत्र सुरू झाल्यापासूनची ती बेरीज असते. म्हणून नव्या आकड्यातून जुना वजा करायचा, उरेल ते मधल्या काळातलं काम. यशपालनं महिनाभराची वजाबाकी केली. कॅमेऱ्यांची डिस्क जवळजवळ सगळा वेळ कामात होती. ओव्यांच्या डिस्कवरून झालेली वाचनं: शून्य.

रामचंद्रशेठ त्या कामातल्या वेळेच्या आकड्यावर लट्टूच झाले. शंभरातले अठ्ठ्याण्णव! असा नोकर त्यांच्या दुकानात तीन पिढ्यांत झाला नव्हता. हातात एकच कागद धरून दिवसभर इकडून तिकडं फिरणाऱ्यालाही हा आकडा शंभर टक्के कामात म्हणतो, हे यशपालनं त्यांना सांगून पाहिलं. त्यावर शेठ म्हणाले, की मग ऑफिसच्या लोकांनाही हाच आकडा लावता येईल का ते बघ. शुभांगीनं त्या दिवसापासून जाता-येता हातात एक कागद ठेवला.

मग ठरलं. महिनाअखेरच्या बैठकीत ठराव करायचा, ओव्यांची डिस्क पुसून कॅमेऱ्यांना द्यायची, गाणी एका पेनड्राइव्हमध्ये भरून कपाटात ठेवायची आणि वाणीपेटी बंद. अहवालाबद्दल यशपालचं कौतुक झालं. गाणी ऐकणाऱ्यांची वेगळी नोंद आहे का, असं कुणी विचारलं नाही हे बरंच झालं, कारण ती नव्हती. मागच्या वर्षी त्या नोंदी लिहिण्यातच डिस्कचा वेळ जातो असा आकडा निघाला होता, आणि सर्वसाधारण सभेत ठराव होऊन नोंदी बंद झाल्या होत्या. तो आकडाही यशपालनंच काढला होता.

घरी त्यानं आईला सांगितलं ते जेवताना. सांगायचं कसं याचा त्यानं वाटेत विचार केला होता, पण ताटावर बसल्यावर तोंडातून सरळ आकडाच आला. रंगूबाई भाकरी थापत होती. आयुष्यभर अमरगोळच्या बाजारात मिरच्या निवडून तिच्या बोटांना आग आता आग वाटेनाशी झाली होती. तव्यावरची भाकरी ती हातानंच उलटायची.

"म्हंजे कुनीच ऐकत न्हाई?" तिनं विचारलं.

"शून्य म्हणजे शून्य, अव्वा. महिनाभरात एकदाही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्या एका 'बरं'नंतर घरात एक गोष्ट बंद झाली. रंगूबाई काम करताना गुणगुणायची. तांदूळ निवडताना, धुणं झटकताना, पाठ खाजवतानासुद्धा. ती सवय तिच्या अंगाला पदरासारखी होती. पदर काढून खुंटीला टांगावा तशी तिनं ती काढून ठेवली. तांदूळ निवडले गेले, धुणं वाळलं, घर शांत राहिलं. यशपालनं आपल्या परीनं तिची समजूत घातली, की आकड्याला आई-मावशी नसते. ती म्हणाली, ते दिसतंयच.

रविवारी सकाळी ती त्याच्यासमोर येऊन बसली. तो लॅपटॉपवर ऑफिसचंच काम करत होता. तिनं आपला मोबाईल पुढं केला आणि बंद व्हायच्या आधी एकदा लावून दे म्हणाली. आजवर तिनं स्वतःचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. आपलं आपण काय ऐकायचं, आरशात बघून जेवल्यासारखं, असं तिचं म्हणणं.

त्यानं लावून दिलं. खोलीत तिचा दहा वर्षं तरुण आवाज उभा राहिला.

जात्यावर बसताना मला झोप येईना गं
लेक शिकतो धारवाडी, त्याचा दिवा विझेना गं

जात्याच्या पाळीला माझं मन फिरे गोल गं
लेकाच्या अक्षराला नाही पिठाएवढं मोल गं

रंगूबाई मान खाली घालून ऐकत होती. यशपाल स्क्रीनकडं बघत होता, कारण तिच्याकडं बघणं त्याला जमत नव्हतं. शेवटची ओळ त्याला आता वेगळीच, आपल्या अहवालाबद्दल असल्यासारखी ऐकू आली. गाणं संपलं.

"आता मी ऐकलं नव्हं?" ती म्हणाली. "बघ तुझ्या आकड्यात. आले का मी?"

त्यानं कारभाऱ्याची ओळ काढली. ओव्यांची डिस्क, वाचनं. कालचा आकडा आणि आत्ताचा आकडा एकच. वजाबाकी शून्य.

"नाही," तो म्हणाला.

"मग मी कोन? भूत?"

त्यानं गाणं पुन्हा लावलं. दुसऱ्या मोबाईलवर लावलं. लेकाचा दिवा त्या खोलीत किती वेळा विझायचा राहिला कोण जाणे. आकडा मात्र तसूभर हलला नाही. रंगूबाई म्हणाली, की तुझं यंत्र बहिरं आहे का ते आधी बघ, मग माझं दुकान बंद कर. आणि चहा ठेवायला उठली.

यशपाल मात्र बसूनच राहिला. त्याला चटका बसला होता. कॉलेजात शिकलेली, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली आणि नोकरी लागताच विसरलेली एक गोष्ट त्याला आठवली. कारभारी शहाणा असतो. कुणी एखादी चीज मागितली की तो ती डिस्कवरून एकदा आणतो आणि आपल्या मेमरीत, हाताशी ठेवून देतो. पुन्हा कुणी मागितली तर हातातलीच देतो, डिस्कचं दारही वाजवत नाही. डिस्कच्या नावापुढं मग काहीच चढत नाही. मेमरीत जागा थोडी, आणि कॅमेऱ्यांच्या चित्रांचा लोंढा रात्रंदिवस त्याच मेमरीतून वाहतो. ज्याला कुणी विचारत नाही ते त्या लोंढ्यात केव्हाच वाहून जातं. आईची गाणी वाहून गेली नव्हती. म्हणजे ती कुणीतरी मागत होतं, पुन्हा पुन्हा, इतक्या वेळा की कारभाऱ्याला ती खाली ठेवायला फुरसत मिळाली नव्हती.

निदान असं असायला हवं होतं. पुस्तकात तरी तसंच होतं. पण आकड्यावरही त्यानं मागं असाच विश्वास टाकला होता, त्याचा अहवाल झाला होता.

बैठकीला चारपाच विश्वस्त, रामचंद्रशेठ, कार्यवृत्त लिहायला शुभांगी आणि सगळ्यांपुढं कागदाच्या वाडग्यांत चुरमुऱ्यांचं गिरमिट होतं. ठराव वाचायच्या आधी यशपाल उभा राहिला आणि माझा अहवाल चुकला आहे, म्हणाला.

असं वाक्य त्या सभागृहात पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. शुभांगीनं ते लिहायचं की नाही म्हणून शेठकडं पाहिलं. शेठनी घास गिळला.

यशपालनं जमेल तसं समजावलं. दुकानात रोज खपणारं कापड वर माळ्यावर ठेवतात की गादीशेजारी, असं त्यानं शेठना विचारलं. गादीशेजारी, शेठ म्हणाले. मग माळ्याची शिडी किती वेळा लावली ते मोजून कापड खपत नाही असं म्हणाल का? शेठ विचारात पडले. त्यांना पटलं हे त्यांच्या कपाळावर दिसलं, आणि पटल्याबद्दलचा रागही तिथंच दिसला.

"सिद्ध कर," ते म्हणाले. "बोलणं साकु, पुरे."

"मेमरी रिकामी करतो," यशपाल म्हणाला. "कारभाऱ्याच्या हातातलं सगळं काढून घेतो. आता कुणी गाणं मागितलं तर त्याला डिस्ककडं जावंच लागेल. आणि आकडा हलेल."

"आणि नाही हलला तर?"

"तर ठराव करा."

सकाळी निघताना त्याच्या मनात आलं होतं, की अव्वाला सांगून ठेवावं, बैठकीच्या वेळी एकदा बोट ठेव. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तिनं चपला घालणाऱ्या त्याच्याकडं पाहिलं, आणि तो न सांगताच निघाला. आता त्याला त्या न सांगण्याची भीती वाटत होती.

त्यानं कमांड दिली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकच ओळ उभी राहिली. ज्या पडद्यावर न्यास दरवर्षी आपल्याच सत्काराची चित्रफीत बघे, त्याच्यावर आता सगळे एका न हलणाऱ्या आकड्याकडं बघत बसले. गिरमिट मऊ पडलं. एका विश्वस्तांनी विचारलं, की हे बंद पडलंय का. दुसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. रामचंद्रशेठनी ठरावाचा कागद हातात घेतला आणि चष्मा लावला, सावकाश, गिऱ्हाईक जाईस्तोवर तागा गुंडाळत बसणाऱ्या माणसासारखा.

आकडा हलला.

थोडासाच. मग जरा थांबून मोठी उडी. मग पुन्हा. कुणीतरी, कुठंतरी, एकामागून एक गाणी लावत होतं. की अनेकजण होते? यशपाल प्रत्येक उडीची वजाबाकी मनातल्या मनात करत राहिला.

"कोण आहे?" शेठनी विचारलं.

"ते कर्नल सांगत नाही. किती वाचलं तेवढं सांगतो. कुणासाठी, ते नाही."

"नाव नाही, गाव नाही, आणि ऐकतात?"

"हो."

शुभांगीनं मान वर न करता विचारलं, हे असंच्या असं लिहू का.

ठराव बारगळला. त्याच्या जागी दुसरा झाला, कारण बैठक ठरावाशिवाय उठवणं न्यासाच्या प्रथेत बसत नव्हतं. यशपालनं सुचवलं, की ऐकणाऱ्यांच्या नोंदी पुन्हा सुरू कराव्यात, म्हणजे प्रश्नच मिटेल. ते शक्य नव्हतं; सर्वसाधारण सभेचा ठराव सर्वसाधारण सभाच फिरवू शकते. पण आकडा हलताना सगळ्यांनी पाहिला होता आणि सगळ्यांना तो आवडला होता. तेव्हा असं सर्वानुमते ठरलं, की रोज सकाळी ऑफिस उघडताच यशपालनं मेमरी रिकामी करावी, म्हणजे ओव्यांची डिस्क रोज काम करताना दिसेल आणि महिन्याच्या आकड्यात कामसू ठरेल. यंत्राला येणारं सगळं रोज विसरायला लावायचं, म्हणजे त्याला काही येतं हे सिद्ध होईल. यानं यंत्र उगाचच मंदावेल हे यशपालनं सांगितलं. रामचंद्रशेठ म्हणाले, मंदावलं तर मंदावलं, दिसलं पाहिजे.

घरी त्यानं सगळं सांगितलं. रंगूबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तू रोज सकाळी माझं गानं इसरायला लावनार."

"हो."

"आनि मग?"

"मग वाट बघायची. कुणी मागितलं की परत आठवतं."

"किती येळ लागला आज?"

"बराच लागला, अव्वा. मला वाटलं, आता काही येत नाही."

ती सुपातले तांदूळ पुढं-मागं करत राहिली. कोण असेल ते तिनं विचारलं नाही. मग म्हणाली, की त्या शेठला सांग, पोरांच्या पाळण्यातलं आणि सांजेचं बरंच राहिलंय. त्या वेळी मला खोकला होता म्हणून थांबवलं होतं. यशपाल म्हणाला, विचारतो, पण त्यालाही ठराव लागेल.

"घेऊ दे की ठराव," ती म्हणाली. "तवर मी काय तोंड मिटून बसू?"

आणि खडा उचलून बाजूला टाकता टाकता तिनं एक ओळ अशी धरली, जी कुठल्याच डिस्कवर नव्हती.