पांढऱ्या कांडीवरचा डाग

पांढऱ्या कांडीच्या एका टोकाला करडा डाग होता. लांबीला तीन मिलिमीटर, कडेला पुसट होत गेलेला. फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरून द्रावण ढवळणारी ती चुंबकी कांडी शेषगिरीने चिमट्याने उचलली, धुतली, पुसली आणि अ‍ॅप्रनच्या खिशातल्या छोट्या डबीत ठेवली. डबीच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. त्याच्या मार्गदर्शक डॉ. हैमावती हे दारातून पाहत होत्या. आठवडाभर त्यांची नजर त्याच्यावरच होती.

काला आजार या जीवघेण्या तापाचे परजीवी जुन्या औषधांना सरावले होते. नव्या औषधाचा रेणू जोडायला उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम लागायचं. तो धातू महाग, आणि औषधातून त्याचा कण न कण काढणं त्याहून जिकिरीचं. शेषगिरीने धातूशिवाय रेणू जोडला, आणि शंभरातले एक्क्याण्णव टक्के औषध हाती आलं. उगादीच्या पाडव्याच्या सुमारास शोधनिबंध छापून आला आणि हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत पुल्लारेड्डीची मिठाई वाटली गेली.

मग दोन परदेशी प्रयोगशाळांची पत्रं आली: आमच्याकडे हे घडत नाही. शेजारच्या टेबलावर हाच प्रयोग करणाऱ्या प्रसूनांबालाही तीनच टक्के मिळत होते. निबंध मागे घेतला तर शेषगिरीची डॉक्टरेट गेली. न घ्यावा, तर खोटं छापलेलं तसंच राहणार. हैमावतींनी तीन महिने पत्रांना उत्तर दिलं नव्हतं. हा पोरगा गुपचूप चिमूटभर पॅलेडियम टाकतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी कपाटातली पॅलेडियमची बाटली तीनदा वजन करून पाहिली. एक मिलिग्रॅमही कमी नव्हतं. संशय मात्र कमी होईना.

"काय आहे त्या डबीत?"

शेषगिरी दचकला. प्रसूनांबा फिसकन हसली. "आमच्या शेषगिरी अण्णांची देवी आहे ती, मॅडम. आपण आयुधपूजेला मशीनला कुंकू लावतो, हे रोज लावतात."

"तू तुझे तीन टक्के सांभाळ गं," शेषगिरी म्हणाला.

"उघड."

त्याने डबी उघडली. "रामभूपाल अण्णांनी लॅब सोडून जाताना दिली, मॅडम. शुभ आहे. हिच्याशिवाय मी प्रयोगच लावत नाही."

रामभूपाल शेषगिरीच्या आधी इथे पाच वर्षं पॅलेडियमवरच काम करत होता. हैमावतींनी कांडी उजेडात धरली. डागावरून नख फिरवलं. निघाला नाही.

"एकाच बाटलीतलं द्रावण दोघं घ्या," त्या म्हणाल्या. "ही कांडी प्रसूनांबाला. तू नवी काढ."

चार तास त्या स्टुलावरून हलल्या नाहीत. शेषगिरीचे हातसुद्धा त्यांनी नजरेआड होऊ दिले नाहीत. चहा आला, निवला. दुपारी मोजमाप झालं. प्रसूनांबा नव्वद. शेषगिरी तीन.

"अय्यो," प्रसूनांबा म्हणाली, आणि या वेळी हसली नाही.

शेषगिरीने दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "मी काही टाकलं नव्हतं, मॅडम. अम्माची शपथ."

"नाही टाकलंस. डागात पॅलेडियम आहे. तेच काम करत होतं." पण त्यांच्या स्वरातली धार अजून गेली नव्हती. "रामभूपालला ठाऊक असणार. त्याने कुठून आणली ही?"

शेषगिरी गोंधळला. "तुम्हीच दिलीत ना त्यांना? पहिल्या दिवशी, तुमच्या ड्रॉवरमधून. अण्णा सगळ्यांना सांगायचे. म्हणून तर शुभ."

हैमावतींना ड्रॉवर आठवला. स्वतःच्या डॉक्टरेटच्या वेळची कांडी, डागात स्वतःचंच पॅलेडियम. नवी कशाला काढायची, म्हणून रामभूपालपुढे केलेली. आठवडाभर त्यांनी दुसऱ्याचे हात तपासले होते, आपले मात्र नाही.

मग शेषगिरी हळूच म्हणाला, "तेजाबात उकळली की डाग जाईल, मॅडम. कुणाला काही कळायचं नाही. पत्रांना उत्तर लिहू, तुमचंच काही चुकत असेल."

प्रसूनांबा हैमावतींकडे पाहत राहिली. त्यांनी कांडी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी स्वतःच्या खिशात टाकली.

"उकळायची नाही. निबंध आपण मागे घेतोय, आजच. कारण लिहिताना डागाचा फोटो जोड, शेषगिरी, आणि कांडी कुणाच्या ड्रॉवरमधून आली तेही लिही."